विभंग व रंध्रदाब

भूकवचातील खडकाला भेग पडून तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासत सरकल्या असतील, तर त्या भेगेला विभंग (फॉल्ट) म्हणतात. विभंगाच्या पृष्ठाला समांतर असलेले कर्तन प्रतिबल खडकांना सरकवू पाहते, तर लंब प्रतिबल त्यांना आवळून धरते. बहुतेक खडकांचा घर्षणांक (घर्षण व लंब प्रतिबल यांचे गुणोत्तर) ०.६ ते ०.८५ या दरम्यान असतो, असे जेम्स बायर्ली यांनी १९७८ मध्ये दाखवले.

खडकातील छिद्रांत व भेगांत साठलेल्या पाण्याचा दाब म्हणजे रंध्रदाब. हा दाब विभंगाच्या दोन्ही बाजू आतून दूर रेटतो. तो लंब प्रतिबलातून वजा होत असल्याने घर्षण घटते. कर्तन प्रतिबल मात्र तेवढेच राहते. पाणी वंगणासारखे काम करते, हा समज त्यामुळे अपुरा आहे. एम. किंग हबर्ट व विल्यम रुबी यांनी १९५९ मध्ये हे तत्त्व विभंगांना लावले.

अमेरिकेत डेन्व्हरजवळ १९६२ पासून ३,६७१ मी. खोल विहिरीत सांडपाणी दाबाने सोडले जात होते व त्यामुळे तेथे भूकंपाचे धक्के बसू लागले. १९६६ मध्ये ते थांबवले, तरी सर्वांत मोठे धक्के १९६७ मध्ये बसले. कारण वाढलेला दाब खडकात हळूहळू पसरत राहिला. कोलोरॅडोतील रेंजली तेलक्षेत्रात १९६९–७३ दरम्यान दाब मुद्दाम वाढवून व उतरवून पाहिला, तेव्हा धक्केही वाढले व ओसरले.

महाराष्ट्रातील कोयनेचा जलाशय १९६२ पासून भरू लागला. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे तेथे ६.३ महत्तेचा भूकंप होऊन सुमारे २०० माणसे दगावली. १०० मी. उंच पाण्याचा दाब सुमारे १ मेगापास्कल भरतो, तर ५ किमी. खोलीवर वरच्या खडकांचाच भार १३० मेगापास्कलच्या आसपास असतो. म्हणजे जलाशय भूकंपाची ऊर्जा पुरवत नाही. आधीच सरकण्याच्या बेतात असलेल्या विभंगाला तो निमित्त ठरतो. पावसाळ्यात पातळी चढल्यावर पुढच्या काही महिन्यांत धक्के वाढतात, तेही दाब खोलवर झिरपायला वेळ लागतो म्हणून. या भागात गोठणे येथे बेसाल्ट भेदून खालच्या ग्रॅनाइटी पायाखडकात ३ किमी. खोल प्रायोगिक वेधनछिद्र घेतलेले असून तेथील खडक, प्रतिबल व द्रव यांचा अभ्यास केला जातो.