तिरोड्याचे १८ बाइट
७. ‘१० अक्षरांचा रकाना’ : येथे लेखकाला बाइट अभिप्रेत आहेत. बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. संगणकात अक्षर नव्हे, आकडाच साठतो. रोमन लिपीत ‘तिरोडा’ हे तालुक्याचे नाव ६ बाइटांत बसते. देवनागरीत, यूटीएफ-८ पद्धतीने, १८ लागतात. कारण संगणक त, वेलांटी, र, काना-मात्रा (दोन्ही मिळून एकच), ड आणि काना असे ६ घटक धरतो आणि प्रत्येकाला ३ बाइट देतो. ‘त’चे २२४, १६४, १६४. वेलांटी दिसते त-च्या आधी, साठते मात्र नंतर. १९९१ च्या भारतीय ‘इस्की’ प्रमाणात हेच नाव ६ बाइटांत मावे. आता १२ बाइटांच्या रकान्यात तालुका ‘तिरो’वरच तुटतो, १० च्या रकान्यात ‘तिर’ आणि पुढे बहुधा चौकटीतले प्रश्नचिन्ह. — संपा.