शिळांची राखण

आपल्याकडे वीरगळावर चंद्रसूर्य कोरीत. ते आकाशात आहेत तोवर वीराची खूण कोणी मोडू नये, ही त्यामागची श्रद्धा. चेन्नईच्या जुन्या इंग्रजी थडग्यांवर कुलचिन्हे होती. तीही मोडतोड थांबवू शकली नाहीत. १७५८-५९ च्या वेढ्यात फ्रेंच सेनापती लाली याच्या सैन्याला सेंट जॉर्ज किल्ल्याबाहेरील दफनभूमीतल्या उंच थडग्यांचा आयताच आडोसा मिळाला. वेढा उठल्यावर इंग्रजांनी बहुतेक थडगी स्वतःच पाडली आणि लेखशिळा किल्ल्यातील सेंट मेरी चर्चच्या अंगणात अंथरल्या. १६५२ ची एलिझाबेथ बेकरची शिळा त्यांतलीच. हैदरअलीशी युद्ध चालू असता, १७८२ साली, काही शिळा तोफांखाली बसविण्यासाठी उपटल्या गेल्या! मृतांच्या राखणीचे दगड जिवंतांच्या राखणीला लागले. मृत मात्र मूळ जागीच राहिले. तेथे पुढे विधी महाविद्यालयाची इमारत उभी राहिली.