मोगऱ्याचा कळी पतंग

(हेंडेकॅसिस डुप्लिफॅसिअ‍ॅलिस). लेपिडॉप्टेरा गणाच्या क्रँबिडी कुलातील लहानसा निशाचर पतंग. रंग पांढरा, पंखांवर काळसर नागमोडी रेषा. प्रौढ पतंग फुलाला इजा करत नाही. सारे नुकसान अळीचे. अळी हिरवट, डोके काळे. ती कोवळ्या कळीला बारीक गोल भोक पाडून आत शिरते, पाकळ्या आतून कुरतडते आणि भोकाशी विष्ठेचे कण साठतात. एक कळी पोकळ झाली की अळी शेजारच्या कळीकडे वळते. प्रादुर्भाव वाढला की अख्खा घोस रेशमी धाग्यांनी एकत्र विणला जातो. पोखरलेली कळी जांभळट पडते, वाळते आणि गळते. बागेत कीड ओळखण्याची ही एक खूण.

मोगरा उमलण्याआधीच, कळी असतानाच तोडून विकला जातो. त्यामुळे ही कीड थेट विक्रीच्या मालावर घाला घालते, आणि गजऱ्याच्या फुलावर जगणाऱ्या शेतकऱ्याला ती पानखाऊ किडीपेक्षा जास्त जाचते. भारतात, विशेषतः तमिळनाडूच्या मोगरापट्ट्यात, ती महत्त्वाची कीड मानतात. जांभळट कळ्या रोज वेचून नष्ट करणे हा घरच्या बागेसाठी चांगला उपाय. अळी कळीच्या आत सुरक्षित असल्याने वरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचते.