दिंडीचा ठेका आणि ख्रिस्ती उपासना

काळेवाडीहून पवना ओलांडली की पिंपरी. आकुर्डीचा मुक्काम आटोपून तुकोबांची पालखी याच पिंपरीवरून पुण्याकडे जाते. आपण कधी एखाद्या दिंडीच्या शेजारून चालला आहात काय? टाळकरी पुष्कळ, पण गोंगाट नाही. अभंग धरणारा एक, बाकीचे त्याच्यामागून. मृदंगाने लय धरली की टाळ तिला सोडत नाहीत.

ही रीत मराठी ख्रिस्ती उपासनेत कशी आली, ते आज सांगायचं आहे.

मिशनऱ्यांच्या काळी बरीच गीते विलायती चालींवर म्हणत. शब्द मराठी, चाल परकी. आघात भलत्याच अक्षरावर पडे. खेड्यातल्या माणसाच्या जिभेवर ते बसेना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेव्हाच्या अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तने रचली. पुढे १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. म्हणजे पूल आपल्या शेजारच्या देहूचाच की! टिळकांनी अभंग आणि भजने लिहिली, ती मंडळींच्या तोंडी बसली.

पण भजन आलं तसा एकत्र वाजवण्याचा प्रश्नही आला. पेटीचे सूर ठरलेले असतात. (त्यापायी १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं होतं; आम्ही रेडिओवाले ही गोष्ट फारशी सांगत नाही.) तेव्हा जुळवून घ्यायचं ते मृदंगाने: उजवीकडे हातोडीचे ठोके, डावीकडे ओली कणीक. पेटीवाल्याने पट्टी धरायची ती मात्र स्वतःच्या बोटांच्या सोयीची नव्हे, मागे बसलेल्या म्हातारीच्या गळ्याला झेपेल ती. बहुतेक तंटे इथेच होतात. पट्टी चढली की दोन कडव्यांत लोक गप्प होतात आणि वादक तेवढे उरतात. मैफलीत ते चालेल. भजनात ध्रुपद पुन्हा पुन्हा येतं ते सर्वांनी म्हणावं म्हणून.

शिक्षकांनी हे करून पाहावं. आधी नुसत्या तोंडाने गाववावं, गळे कुठे स्थिरावतात ते ऐकावं, मग पेटी, मग मृदंग. टाळ अगदी शेवटी, कारण शब्द बुडवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. आणि थांबण्याचाही सराव हवा. ज्ञानेश्वरांच्या पालखीत मुक्कामाच्या आरतीआधी चोपदार चोप उंच धरतो, अन् इतका वेळ वाजणारे सारे टाळ एकदम गप्प होतात.