हॉपकिन्स, कीथ

हॉपकिन्स, कीथ : (२० जून १९३४–८ मार्च २००४). ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ व रोमन इतिहासाचे अभ्यासक. पूर्ण नाव मॉरिस कीथ हॉपकिन्स. दोन दशकांहून अधिक काळ समाजशास्त्र शिकवल्यावर १९८५ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या प्राचीन इतिहासाच्या अध्यासनावर त्यांची निवड झाली. ए. एच. एम. जोन्स आणि मोझेस फिन्ली यांनी भूषवलेले हे अध्यासन समाजशास्त्राच्या प्राध्यापकाकडे जाणे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात ग्रीक-लॅटिनचा अभ्यास करून ते १९५८ मध्ये पदवीधर झाले. फिन्ली यांच्या विचारांचा ठसा त्यांच्यावर तेथेच उमटला. पुढे लेस्टर विद्यापीठात (१९६१–६३) आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी समाजशास्त्र शिकवले. १९६७ ते १९६९ या काळात ते हाँगकाँग विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. तेथील उद्योग, घरे आणि दारिद्र्य यांविषयीचा ‘हाँगकाँग : द इंडस्ट्रियल कॉलनी’ (१९७१) हा ग्रंथ त्यांनी संपादित केला. १९७२ पासून ते ब्रुनेल विद्यापीठात प्राध्यापक होते. या सगळ्या वर्षांत रोम त्यांच्या हातून कधीच सुटले नव्हते. रोमन मुलींचे विवाहाचे वय, रोमन साम्राज्यातील संततिनियमन आणि लोकसंख्येची वयोरचना यांवरचे त्यांचे लेख १९६५-६६ मध्येच प्रसिद्ध झाले होते.

यातला वयोरचनेवरचा लेख त्यांची पद्धत समजून घ्यायला सर्वांत उपयोगी आहे. रोमन समाधिलेखांवर मृताचे वय कोरलेले असते. अशी हजारो वये गोळा करून सरासरी काढली की रोमनांचे आयुर्मान कळते, असे अनेक विद्वान मानत. हॉपकिन्स यांनी दाखवून दिले की कोणासाठी शिळा उभारायची आणि कोणाचे वय कोरायचे हे रिवाजावर ठरे. तान्ह्या मुलांच्या मृत्यूची नोंद क्वचितच होई, तरुण पत्नीची हमखास. म्हणजे त्या सरासरीतून मृत्यूचे प्रमाण कळत नाही, फक्त स्मारकाची रीत कळते. त्याऐवजी त्यांनी संयुक्त राष्ट्रांचे आयुर्मानाचे नमुना-तक्ते वापरले आणि रोमनांचे जन्मवेळचे अपेक्षित आयुर्मान २० ते ३० वर्षांच्या दरम्यान असावे, असा निष्कर्ष काढला. पुरावा मुका असेल तर शक्यतेच्या सीमा आखाव्यात, ही दृष्टी येथून पुढे त्यांच्या प्रत्येक लेखनात आहे.

‘काँकरर्स अँड स्लेव्ह्ज’ (१९७८) हे त्यांचे सर्वांत भक्कम पुस्तक. रोमच्या विजयांनी इटली कशी बदलली, हा त्याचा विषय. शेतकरी वर्षानुवर्षे दूरच्या युद्धांवर जात. लूट आणि युद्धकैदी मात्र धनिकांच्या घरी येत. धनिक जमिनी विकत घेऊन त्यांवर गुलाम राबवत. उखडलेले शेतकरी शहरांत किंवा पुन्हा सैन्यात जात, आणि वाढत्या शहरांमुळे त्याच मोठ्या शेतांतल्या धान्याला बाजार मिळे. याच पुस्तकात ग्रीसमधील डेल्फी येथील दास्यमुक्तीच्या सुमारे हजार कोरीव लेखांचा अभ्यास आहे. त्यांत बाराशेहून अधिक गुलामांच्या सुटकेची नोंद आहे. गुलाम आपल्या सुटकेचे मोल स्वतः भरत, आणि कित्येकांना मालकाच्या मृत्यूपर्यंत त्याची सेवा करण्याची अट असे. मुक्तीची आशा हाच गुलामगिरी टिकवणारा एक आधार होता, हे त्यांचे प्रतिपादन वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते. मालकाच्या औदार्याच्या कथांवर विसंबणाऱ्या जुन्या इतिहासलेखनाला मिळालेले हे सर्वांत चोख उत्तर आहे.

१९८० मधील करांवरच्या लेखाने मोठा वाद उभा केला. श्रीमंत प्रांतांतून पैशाच्या रूपात कर गोळा होई आणि तो राजधानीत व सरहद्दीवरच्या सैन्यावर खर्च होई. पुढच्या वर्षीचा कर भरायचा तर प्रांतांना माल विकून तो पैसा परत मिळवणे भाग पडे. म्हणून करांमुळेच दूरचा व्यापार वाढला, असा त्यांचा सिद्धान्त होता. चांदीच्या नाण्यांचे वाढते प्रमाण आणि भूमध्य समुद्रातील बुडालेल्या जहाजांची संख्या त्यांनी पुराव्यादाखल मांडली. एकेकटा न टिकणारा पुरावा दुसऱ्याला टेकून उभा राहतो, या युक्तिवादाला त्यांनी अमेरिकेतील आदिवासींच्या खांबांच्या तंबूची उपमा दिली. इतिहासकार रिचर्ड डंकन-जोन्स यांनी नाण्यांच्या आधारेच या सिद्धान्ताला आव्हान दिले. बराचसा कर धान्यरूपाने वसूल होई, हा आक्षेपही वजनदार आहे. तरीही रोमन अर्थव्यवस्थेवरची पुढची चर्चा याच लेखाभोवती फिरत राहिली.

त्यांची समीक्षा बोचरी असे. रोमन सम्राटावरील फर्गस मिलर यांच्या ग्रंथाचे त्यांनी १९७८ मध्ये केलेले परीक्षण विशेष गाजले. साधनांत जे नोंदले गेले तेवढेच गोळा केले तर साधनांचे पूर्वग्रहही इतिहासात उतरतात, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. मिलर यांची साधनांवरील पकड निर्विवाद होती. पण या मुद्द्यावर हॉपकिन्स बरोबर होते.

‘डेथ अँड रिन्यूअल’ (१९८३) मध्ये ग्लॅडिएटरांच्या झुंजी आणि अंत्यविधी यांवर प्रकरणे आहेत. ग्रॅहम बर्टन यांच्यासह लिहिलेल्या प्रकरणांत, सम्राटांच्या काळात सिनेटमधील घराणी पिढ्यान्‌पिढ्या टिकत नसत, हे आकडेवारीने मांडले आहे. रोमन इजिप्तमधील भाऊ-बहीण विवाहांवरचा लेखही (१९८०) महत्त्वाचा. जनगणनेच्या पपायरसांवरून असे विवाह १५ ते २१ टक्के होते, असे त्यांनी दाखवले. ही प्रथा राजघराण्यापुरती नव्हती, सामान्य कुटुंबांतली होती.

‘अ वर्ल्ड फुल ऑफ गॉड्स’ (१९९९) या पुस्तकात कालप्रवासी पॉम्पेईला जातात आणि दूरचित्रवाणीसाठीची कल्पित संहिताही येते. धर्माचा अनुभव तटस्थ गद्यात मावत नाही, या प्रामाणिक जाणिवेतून हा प्रयोग झाला. पण तो एकसंध झाला नाही. त्यापेक्षा ख्रिस्ती लोकसंख्येवरचा १९९८ चा लेख अधिक टिकाऊ ठरावा. इ. स. १०० च्या सुमारास साम्राज्यभर सात हजारांच्या आसपासच ख्रिस्ती असावेत, आणि त्यांत ग्रंथ लिहू शकणारे मूठभरच, हा त्यातील अंदाज प्रारंभीच्या चर्चकडे पाहण्याची दृष्टी बदलतो.

हॉपकिन्स २००० मध्ये निवृत्त झाले. मेरी बिअर्ड यांच्यासह लिहिलेले ‘द कलोसियम’ त्यांच्या निधनानंतर २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, तर ख्रिस्तोफर केली यांनी संपादित केलेला त्यांच्या निवडक लेखांचा संग्रह २०१७ मध्ये निघाला.