राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, गोवा : सहकार्याचे प्रकल्प

गोव्यात दोना पावला येथे मुख्यालय असलेली, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची (सीएसआयआर) प्रयोगशाळा. स्थापना १ जानेवारी १९६६. कोची, मुंबई व विशाखापट्टणम येथे प्रादेशिक केंद्रे. बोलण्यात आणि छापील मजकुरातही ‘एनआयओ’ हेच नाव रूढ आहे. समुद्रविज्ञान एकट्याने होत नाही. खोल समुद्रात जाणारे जहाज महाग असते, महासागराला देशांच्या सीमा नसतात आणि पाण्याच्या एकाच नमुन्यावर रसायनशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ व भूशास्त्रज्ञ अशा तिघांचेही काम अडलेले असते. म्हणून या संस्थेचा इतिहास बराचसा तिच्या भागीदाऱ्यांचा इतिहास आहे. भागीदारी बरोबरीची होती का, हे करारांच्या संख्येवरून कळत नाही. जहाज कोणाचे होते, नमुने कोणाच्या कपाटात राहिले आणि संशोधनाचे नेतृत्व कोणी केले, यावरून ते कळते.

उगम : संस्थेचा जन्मच एका भागीदारीतून झाला. १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम पार पडली. तोवर जगातल्या मोठ्या महासागरांपैकी हिंदी महासागराचीच माहिती सर्वांत तोकडी होती. डझनाहून अधिक देशांची सुमारे चाळीस जहाजे या मोहिमेत उतरली. भारताकडून नौदलाच्या ‘किस्तना’ या जहाजाने मोठा वाटा उचलला. भारतीय कार्यक्रमाची धुरा मत्स्यशास्त्रज्ञ एन. के. पणिक्कर यांच्याकडे होती. पुढे तेच एनआयओचे पहिले संचालक झाले.

या मोहिमेत दोन गोष्टी भारताच्या भूमीवर घडल्या आणि दोन्ही महत्त्वाच्या आहेत. मुंबईत कुलाब्याला आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उभे राहिले. जहाजांकडून आलेल्या नोंदींचे विश्लेषण तेथे होत असे आणि त्यासाठी आयबीएम १६२० हा संगणक आणला होता. दुसरी गोष्ट कोचीची. युनेस्कोच्या साहाय्याने तेथे हिंदी महासागर जैविक केंद्र स्थापन झाले. सर्व देशांच्या जहाजांनी एकाच मापाचे जाळे वापरून, २०० मीटर खोलीपासून पृष्ठभागापर्यंत ओढून गोळा केलेले प्राणिप्लवकांचे (पाण्याबरोबर वाहणाऱ्या लहान प्राण्यांचे) सुमारे २,००० नमुने या केंद्रात आले. भारतीय तंत्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव गटवार वेगळा केला, मोजला आणि मग ते गट जगभरच्या तज्ज्ञांकडे धाडले. वर्षानुवर्षे चाललेले हे काम अत्यंत कष्टाचे होते आणि त्याला मिळायला हवा तेवढा मान आजही मिळत नाही. नमुने लंडनला किंवा वॉशिंग्टनला न जाता कोचीला आले म्हणून प्लवकशास्त्रज्ञांची एक अख्खी पिढी येथे तयार झाली. मोहीम संपल्यावर हे केंद्र एनआयओत सामील झाले. मोहिमेच्या भौतिक निरीक्षणांचा क्लाउस विर्टकी यांनी सिद्ध केलेला नकाशासंग्रह १९७१ साली प्रसिद्ध झाला.

जहाजे : १९७६ साली ‘गवेषणी’ हे संशोधन जहाज संस्थेकडे आले. २६ जानेवारी १९८१ रोजी याच जहाजाने अरबी समुद्राच्या तळातून अनेक धातू असलेले बहुधात्विक गोटे वर काढले. त्यानंतरच्या विस्तृत सर्वेक्षणासाठी ‘स्कँडी सर्व्हेयर’ व ‘फार्नेला’ ही परदेशी जहाजे भाड्याने घ्यावी लागली. १९८७ मध्ये भारताला या गोट्यांच्या शोधासाठी मध्य हिंदी महासागर खोऱ्यात अग्रणी गुंतवणूकदार म्हणून क्षेत्र मिळाले, त्यामागे ही सर्वेक्षणे आहेत. जर्मनीत बांधलेले ‘सागर कन्या’ हे जहाज १९८३ पासून महासागर विकास विभागाकडे होते. एनआयओच्या बहुतेक मोठ्या सहमोहिमा त्यावरून झाल्या. संस्थेचे स्वतःचे ‘सिंधु साधना’ २०१४ साली सेवेत आले.

अरबी समुद्रातील प्रकल्प : १९८६ पासून हँबर्ग विद्यापीठाबरोबर अरबी समुद्रात अवसाद-सापळे लावण्याचा प्रकल्प सुरू झाला. तळाला नांगरलेल्या दोरावर खोल पाण्यात मोठी नरसाळी बांधतात आणि वरून झरणारे मृत प्लवक, शिंपल्यांचा चुरा व धूळ ठरावीक दिवसांनी बदलणाऱ्या बाटल्यांत साठते. पावसाळ्यात पृष्ठभागावर जीवसृष्टी फोफावते आणि काही आठवड्यांतच तिचा अंश हजारो मीटर खाली पोहोचतो, हे त्यातून स्पष्ट झाले. १९८९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या या निष्कर्षाच्या लेखकांत आर. आर. नायर हे एनआयओचे शास्त्रज्ञ अग्रस्थानी होते.

महासागरातील कार्बनचक्राच्या जागतिक अभ्यासाने (जेगॉफ्स) नव्वदच्या दशकात अरबी समुद्र हे एक प्रमुख क्षेत्र निवडले. अमेरिका, जर्मनी, ब्रिटन व नेदरलँड्स यांची जहाजे येऊन गेली. भारताचा कार्यक्रम मात्र १९९२ ते १९९७ असा सलग चालला. पाहुण्यांच्या वेळापत्रकात न बसणारे ऋतूही त्यामुळे पाहता आले. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या कोरड्या, थंड वाऱ्याने ईशान्य अरबी समुद्राचे वरचे पाणी गार व जड होऊन खाली बसते, खालची पोषकद्रव्ये वर येतात आणि वनस्पतिप्लवक वाढते. ही यंत्रणा एम. मधुप्रताप व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडली. पावसाळ्याशिवायही हा समुद्र सुपीक का असतो, याचे उत्तर त्यात होते. एनआयओच्या सर्व सहकार्यांत हे पर्व सर्वाधिक फलदायी म्हणावे लागेल.

लोहाफेक्स (२००९) : संस्थेचा सर्वांत गाजलेला आणि सर्वांत वादग्रस्त संयुक्त प्रयोग. भागीदार होती जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था, जहाज तिचे ‘पोलारस्टर्न’, आणि नेतृत्व संयुक्त : व्हिक्टर स्मेटाचेक व एनआयओचे वाजिह नक्वी. दक्षिण महासागरात पोषकद्रव्ये भरपूर असूनही लोहाअभावी प्लवक वाढत नाही. लोह टाकल्यास ते वाढेल, पण त्याने शोषलेला कार्बन खोल समुद्रात जाईल का, हा प्रश्न होता. जानेवारीत केपटाऊनहून जहाज निघाले आणि जर्मनीत पर्यावरणवाद्यांनी आक्षेप घेतला. सागर-सुपीकीकरणाला आवर घालणाऱ्या जैवविविधता कराराच्या ठरावाचा हा भंग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. जर्मन संशोधन मंत्रालयाने काम थांबवून स्वतंत्र परीक्षण मागवले. परवानगी मिळाल्यावर दक्षिण महासागराच्या नैर्ऋत्य अटलांटिक भागात एका भोवऱ्यातील सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात ६ टन विरघळलेले लोह सोडण्यात आले आणि ३९ दिवस निरीक्षण झाले.

प्लवक वाढले, पण कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांनी ते फस्त केले. त्या पाण्यात सिलिकेट फारच कमी होते, त्यामुळे काचेसारखे कवच असलेले डायाटम वाढू शकले नाहीत आणि खोलात फारच थोडा कार्बन गेला. हवामानबदलावर स्वस्त तोडगा शोधणाऱ्यांची यामुळे निराशा झाली. ज्ञानाच्या दृष्टीने मात्र हा निष्कर्ष मोलाचा आहे : लोह ओतून कुठल्याही समुद्राकडून कार्बन गाडून घेता येईल, ही समजूत त्याने खोडून काढली. आक्षेप घेणाऱ्यांनी परीक्षणाचा आग्रह धरला, तो योग्यच होता. प्रयोग तरीही झाला, हेही बरे झाले.

अलीकडचे सहकार्य : पहिल्या मोहिमेला ५० वर्षे झाल्यानिमित्त डिसेंबर २०१५ मध्ये गोव्यात परिषद भरली. तेथेच दुसऱ्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेची सुरुवात झाली आणि ‘सागर निधी’ हे जहाज मॉरिशसकडे रवाना झाले. २०१६ च्या पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात ‘सिंधु साधना’वरून भारतीय विज्ञान संस्था व ब्रिटनचे ईस्ट अँग्लिया विद्यापीठ यांच्याबरोबर ‘बॉबल’ ही मोहीम झाली. ब्रिटिश शास्त्रज्ञांनी पाण्याखाली आपोआप फिरणारी ग्लायडर आणली. जहाज भारताचे होते, हे येथे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे.

देशांतर्गत भागीदारी : पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांच्या पुढाकाराने १९८१ पासून संस्थेत सागरी पुरातत्त्वाचे काम सुरू झाले. द्वारका व बेट द्वारका येथील शोधकार्य सर्वपरिचित आहे. गोव्याजवळच्या सुंची खडकापाशी सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाचे अवशेष, तोफा व हस्तिदंत मिळाले, तर विजयदुर्गजवळ पाण्याखाली दगडी भिंत आढळली. महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी भागीदारी मुंबई केंद्राची आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी या केंद्राने डहाणू-तारापूरपासून मालवणपर्यंत खाड्यांचे व किनारी पाण्याचे सर्वेक्षण केले. उल्हास, पाताळगंगा, सावित्री, वाशिष्ठी या नद्यांच्या मुखांशी पाण्यातील प्राणवायू, पोषकद्रव्ये, धातू व तळजीव यांच्या नोंदी त्यात आहेत. खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्यांना थेट लागू पडणारी ही माहिती मराठीतून, गावोगाव पोहोचायला हवी.