चंद्राचें स्वतःचें तेज

चंद्राचें चांदणें उसनें, हें शाळेंतील पोरही सांगेल. तथापि त्याच्या खडकांतून स्वतःचाही प्रकाश फुटत असावा, अशी शंका ज्योतिर्विदांस होती, आणि ती निराधार नव्हती. १८७९ सालीं विल्यम क्रुक्स यांनीं निर्वात नळींतील ऋणकिरण हिऱ्यामाणकांवर पाडले, तेव्हां तीं अंधारांत तेजाळलीं. विद्युत्कण आदळले कीं खनिजांतील इलेक्ट्रॉन वरच्या पायरीस चढतात आणि उतरतांना प्रकाश टाकतात.

सूर्यही असे कण फेकतो. चंद्राला तर हवेचें पांघरूणच नाहीं! नोव्हेंबर १९६३ मध्यें कोपाल व रॅकहॅम यांनीं फ्रान्समधील पिक दु मिदी वेधशाळेंतून केप्लर विवराभोंवतीं तांबूस तेज टिपलें, व तें सौरकणांच्या माऱ्याचें फळ ठरविलें. पुढें १९६९ त अपोलो ११ नें खडक आणले. प्रोटॉनांच्या माऱ्याखालीं त्यांतील फेल्स्पार चमकलें खरें. पण इतकें मंद, कीं पृथ्वीवरून दिसण्याची आशा नको. बिचाऱ्या कल्पनेला तिच्याच दगडांनीं पाडलें.

गुरूच्या युरोपा या हिमाच्छादित चंद्राची गोष्ट निराळी. गुरूच्या चुंबकक्षेत्रांत कोंडलेले इलेक्ट्रॉन त्याला अखंड झोडपतात. २०२० त मूर्ती गुडिपाटी व सहकाऱ्यांनीं मेरीलँडमधील प्रयोगशाळेंत क्षारयुक्त बर्फावर असाच मारा केला. हिरवट प्रकाश निघाला. एप्सम क्षारानें तो वाढला, साध्या मिठानें घटला. म्हणजे उजेडावरून क्षार ओळखतां यावा. ऑक्टोबर २०२४ मध्यें सुटलेलें युरोपा क्लिपर यान गुरूपाशीं पोंचावयाचें तें २०३० त.